अमेरिकी कॉलेजचा बास्केटबॉल कोच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर होतो म्हणजे नेमकं काय होतं?

१९५९ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघानं अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद पटकावलं. उपांत्य सामन्यात ऑस्कर रॉबर्टसनचा सिनसिनाटी संघ समोर होता, अंतिम सामन्यात जेरी वेस्टचा वेस्ट व्हर्जिनिया. बर्कलीकडे या दोघांच्या तोडीचा एकही खेळाडू नव्हता, तरी निकाल लागला ७१-७०. पुढच्या वर्षी हाच संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि ओहायो स्टेटकडून हरला. त्याच वर्षी, १९६० मध्ये, रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं सुवर्णपदक जिंकलं. या सगळ्या संघांचे कोच एकच होते, पीट न्यूएल. आणि ऑलिंपिक संपलं तशी त्यांची कोचिंगची कारकीर्दही संपली. तेव्हा त्यांचं वय होतं ४५.

त्यांना कुणी काढलं नव्हतं. सामन्याच्या दिवसांत ते जवळजवळ उपाशी राहायचे, कॉफी आणि सिगारेटवर दिवस काढायचे आणि बाकावर बसून टॉवेल चावत राहायचे. डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच चालू ठेवलं तर शरीर साथ देणार नाही. म्हणून न्यूएल यांनी त्याच विद्यापीठात दुसरी नोकरी धरली. ती होती अ‍ॅथलेटिक डायरेक्टरची.

अमेरिकेच्या क्रीडाक्षेत्राबद्दल वाचताना हे पद वारंवार समोर येतं. अमुक कोच आता 'एडी' झाले, तमुक एडींनी कोचला काढलं, अशा बातम्या असतात. (आपल्याकडे रोज बातम्यांत असते ती ईडी वेगळी.) कोचनं एडी होणं ही आपल्याला बढती वाटते. प्रत्यक्षात ते बरंचसं धंदा बदलण्यासारखं आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत ही वाट आधी अगदी सरळ होती, मग अरुंद झाली आणि आता ती भलत्याच ठिकाणाहून जाते.

हे पद आहे तरी काय?

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक असतात. मुलं त्यांना 'जिमखान्याचे सर' म्हणून ओळखतात. मैदान, साहित्य, संघनिवड, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे अर्ज, प्रवासखर्चाची बिलं हे सगळं त्यांच्या गळ्यात असतं. अमेरिकेतला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर कागदोपत्री त्याच जातीचा, पण आकार इतका वेगळा की तुलना लगेच तुटते. तिथे मोठ्या विद्यापीठाच्या खेळांना तिकीट लावून प्रेक्षक येतात, सामने टीव्हीवर विकले जातात, माजी विद्यार्थी लाखो डॉलरच्या देणग्या देतात. टेक्सस विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची वार्षिक उलाढाल ३० कोटी डॉलरच्या वर गेली आहे. बऱ्याच राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त पगार राज्यपालाचा नसतो, तो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोचचा असतो.

कॉलेज खेळांचं नियमन एनसीएए ही संघटना करते. तिच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं आहेत आणि मोठं फुटबॉल खेळणाऱ्या विद्यापीठाला किमान १६ खेळांचे संघ ठेवावे लागतात. हे सगळे संघ एडीच्या हाताखाली येतात. तो थेट विद्यापीठाच्या अध्यक्षाला, आपल्याकडच्या भाषेत कुलगुरूला, उत्तर देतो. त्यानं स्टेडियमची डागडुजी बघायची, देणगीदारांबरोबर जेवायचं, मुलामुलींच्या संघांना समान संधी मिळते की नाही हे कायद्यानुसार सांभाळायचं, खेळाडू परीक्षा पास होतात की नाही यावर लक्ष ठेवायचं, आणि कुणी नियमाबाहेर पैसे दिले तर एनसीएएसमोर उभं राहायचं.

पण लोक त्याला जोखतात ते एकाच गोष्टीवरून. त्यानं कोच कोण आणला? चांगल्या एडीच्या खिशात पाच नावांची यादी कायम असते, असं या वर्तुळात म्हणतात, कारण आपला कोच कधी सोडून जाईल याचा भरवसा नसतो. माजी कोचला या पदावर बसवण्याचं मुख्य कारणही हेच. कोच कसा असावा हे ज्यानं स्वतः केलंय त्याला कळेल, असा हिशेब.

तो हिशेब नेहमी बरोबर येत नाही. न्यूएल यांना बर्कलीत आपला वारस स्वतःच पुढे आणायचा होता. पद मिळालं ते त्यांचेच सहायक रेने हेरेरियास यांना. ते न्यूएल यांच्या हाताखाली आधी खेळाडू म्हणूनही घडलेले, १९४९ साली एनआयटी ही तेव्हाची मानाची स्पर्धा जिंकणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघातले. माणूस ओळखीचा, पद्धत तीच, तरी यश पुन्हा आलं नाही. १९६० नंतर बर्कलीचा पुरुष संघ एकदाही शेवटच्या चार संघांत पोहोचलेला नाही.

शिवाय काळ बदलला होता. १९६४ मध्ये बर्कलीच्या आवारात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं मोठं विद्यार्थी आंदोलन झालं. १९६८ च्या सुरुवातीला एका कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडूनं केस वाढवले म्हणून त्याला संघाबाहेर ठेवण्यावरून वाद पेटला आणि संघ उभा फुटला. हेरेरियास यांनी पद सोडलं. न्यूएलही त्याच वर्षी विद्यापीठातून बाहेर पडले आणि व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सॅन दिएगो रॉकेट्सचे जनरल मॅनेजर झाले, पुढे लॉस एंजेलिस लेकर्सचे. १९७५ मध्ये करीम अब्दुल-जब्बारला लेकर्सकडे आणणारा सौदा त्यांच्याच कारकिर्दीतला. खेळाडू आणि कोच यांच्यातला झगडा बाकावरून मिटवता येतो तसा कार्यालयातून मिटवता येत नाही, हे बर्कलीत दिसलं. तिथे डायरेक्टरला वर कुलगुरू असतो, खाली कोच, बाजूला वर्तमानपत्रं, आणि खेळाडूशी त्याचा रोजचा संबंधच उरलेला नसतो.

एकाच माणसाकडे दोन्ही टोप्या

या वाटेचा आरंभ शोधायचा तर कॅन्ससला जावं लागतं. बास्केटबॉल १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी शोधला. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक झाले आणि त्यांचे तिथले विद्यार्थी फॉग अ‍ॅलन यांनी बास्केटबॉल कोच हा पूर्णवेळ पेशा बनवला. हे अ‍ॅलन १९१९ पासून कोच आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर दोन्ही होते. तेव्हा यात कुणाला वावगं वाटत नसे. विभाग लहान, माणसं थोडी, आणि खेळातलं ज्याला कळतं तोच कारभार बघणार हे गृहीत होतं. फुटबॉलमध्ये तर हा रिवाज फार काळ टिकला; अलाबामाचे बेअर ब्रायंट हे कोच आणि एडी दोन्ही होते आणि त्यांच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नसे.

यातली खोट उघड आहे. कोचवर लक्ष ठेवणारा अधिकारी आणि कोच एकच. हिशेब तपासणारा आणि खर्च करणारा एकच असल्यावर गावातल्या पतपेढीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

बास्केटबॉलमध्ये ही खोट सर्वांत ठळकपणे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात समोर आली. जिम व्हॅलव्हानो यांनी १९८३ मध्ये तिथे शेवटच्या क्षणाला मिळवलेलं राष्ट्रीय विजेतेपद आजही दरवर्षी टीव्हीवर दाखवतात. बोलायला अत्यंत हजरजबाबी, लोकांना हवाहवासा माणूस. १९८६ मध्ये विद्यापीठानं त्यांना एडीही केलं. तीन वर्षांत त्यांच्या बास्केटबॉल विभागावर एका पुस्तकातून गंभीर आरोप झाले, चौकशा बसल्या. खेळाडूंनी त्यांना मिळालेली मोफत तिकिटं आणि बूट विकल्याचं एनसीएएच्या चौकशीत निघालं आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठाला दोन वर्षांची प्रोबेशन मिळाली. व्हॅलव्हानो यांनी आधी एडीचं पद सोडलं, मग १९९० मध्ये कोचचंही. १९९३ मध्ये कर्करोगानं त्यांचं निधन झालं, आणि लोकांच्या मनात त्यांची आठवण राहिली ती आजारपणातल्या त्यांच्या भाषणामुळे आणि त्यांनी कर्करोग संशोधनासाठी उभ्या केलेल्या निधीमुळे. प्रशासनाच्या दृष्टीनं मात्र त्या प्रकरणातून मोठ्या विद्यापीठांनी घ्यायचा तो बोध घेतला. दोन खुर्च्या एकाकडे देणं हळूहळू बंद झालं.

केंटकीचे न्यूटन

कोचनं खेळ पूर्ण सोडून कारभार हाती घेतला आणि तो खरोखर उत्तम केला, याचं नाव घ्यायचं तर सी. एम. न्यूटन यांचं घ्यावं लागेल. त्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण डायरेक्टर म्हणून त्यांनी केलेलं काम कोच असतानाच सुरू झालं होतं.

न्यूटन १९३० सालचे, टेनेसी राज्यात जन्मलेले. केंटकी विद्यापीठात अ‍ॅडॉल्फ रप यांच्या हाताखाली खेळले आणि १९५१ च्या विजेत्या संघात होते. रप म्हणजे त्या काळचं कॉलेज बास्केटबॉलमधलं सर्वांत मोठं नाव, आणि दक्षिणेतल्या इतर बऱ्याच विद्यापीठांसारखाच त्यांचा संघ पूर्णपणे गोऱ्या खेळाडूंचा. १९६६ च्या अंतिम सामन्यात टेक्सस वेस्टर्न विद्यापीठानं पाच कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवले आणि रप यांच्या केंटकीला ७२-६५ असं हरवलं, ही अमेरिकी खेळांच्या इतिहासातली मोठी घटना.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, न्यूटन अलाबामा विद्यापीठाचे कोच झाले. त्यांची नेमणूक केली ती एडी असलेल्या बेअर ब्रायंट यांनी. हे विद्यापीठ कोणतं ते लक्षात घ्या. १९६३ मध्ये दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारण्यासाठी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस ज्या इमारतीच्या दारात उभे राहिले ते फॉस्टर ऑडिटोरियम. विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ १९६८ पर्यंत त्याच इमारतीत खेळायचा. अशा ठिकाणी न्यूटन यांनी १९६९ मध्ये वेंडेल हडसन या बर्मिंगहॅमच्या मुलाला शिष्यवृत्ती दिली. अलाबामा विद्यापीठाच्या कोणत्याही खेळातला तो पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक. न्यूटन यांच्या पहिल्या मोसमात संघ २० सामने हरला होता. १९७३ मध्ये हडसन साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या त्या लीगचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला अलाबामानं पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सामना सुरू केला. या लीगमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं लीगचं विजेतेपद अलाबामाकडे राहिलं.

१९८० मध्ये न्यूटन यांनी वर्षभर या लीगच्या कार्यालयात सहायक आयुक्त म्हणून काम केलं. प्रशासनाची ही पहिली चव. पुन्हा मैदानाची ओढ लागली म्हणून ते वँडरबिल्ट विद्यापीठात कोच झाले आणि आठ वर्षं राहिले. मग १९८९ मध्ये केंटकीनं हाक मारली. आपल्याच विद्यापीठात परतायचं, पण कोच म्हणून नाही.

तेव्हा केंटकीची अवस्था वाईट होती. १९८८ मध्ये बास्केटबॉल विभागातून एका होतकरू खेळाडूच्या वडिलांच्या नावे गेलेलं कुरिअरचं पाकीट वाटेतच उघडं पडलं आणि आत १००० डॉलर रोख सापडल्याची बातमी फुटली. चौकशी वाढत गेली, कोच गेले, आधीचे एडी गेले. एनसीएएनं तीन वर्षांची प्रोबेशन आणि दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत बंदी अशी शिक्षा दिली. बास्केटबॉल हाच ज्या राज्याचा अर्धा धर्म आहे तिथे ही बंदी म्हणजे सुतकच.

न्यूटन यांची पहिली मोठी नेमणूक होती रिक पिटिनो यांची. पिटिनो तेव्हा व्यावसायिक लीगमध्ये न्यूयॉर्क निक्सचे कोच होते. बंदी भोगणाऱ्या, निम्म्या रिकाम्या कॉलेज संघाकडे त्यांनी यावं असं बाहेरून काही दिसत नव्हतं. ते आले. आठ शिष्यवृत्तीधारक खेळाडूंवर पहिल्या मोसमात १४ सामने जिंकले, १४ हरले. १९९६ मध्ये केंटकी राष्ट्रीय विजेता झालं.

१९९७ मध्ये पिटिनो बोस्टन सेल्टिक्सकडे गेले. न्यूटन यांनी जॉर्जिया विद्यापीठातून टबी स्मिथ यांना आणलं. केंटकीच्या पुरुष संघाचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. ज्या सभागृहाला रप यांचं नाव आहे, त्या सभागृहात, रप यांच्याच एका शिष्यानं केलेली ही नेमणूक. स्मिथ यांनी पहिल्याच वर्षी, १९९८ मध्ये, विजेतेपद मिळवलं. त्याआधी १९९५ मध्ये महिला संघाची सूत्रं बर्नडेट मॅटॉक्स यांच्याकडे देण्यात आली होती. त्या या विद्यापीठातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला मुख्य कोच. पिटिनो यांच्या हाताखाली १९९० मध्ये त्या पुरुष संघाच्या सहायक कोच झाल्या, तेव्हा इतक्या वरच्या श्रेणीत पुरुष संघाच्या कोचिंगमध्ये पूर्णवेळ बाई ही नवलाईच होती. मधल्या काळात त्यांनी क्रीडा प्रशासनात काम केलं, आणि तिथून मुख्य कोच झाल्या. म्हणजे ही वाट उलटीही चालता येते.

केंटकीत न्यूटन यांचं सगळंच सोन्याचं झालं असं नाही. १९९६ च्या अखेरीला फुटबॉलसाठी त्यांनी हॅल मम यांना दुय्यम श्रेणीच्या एका कॉलेजमधून उचललं. सतत पास देत खेळणारा, चौकटीबाहेरचा कोच. स्टेडियम भरलं, धावफलक पळू लागला. पण या विभागातल्या भरतीत गैरव्यवहार झाल्याचं न्यूटन २००० मध्ये निवृत्त झाल्यावर उघडकीला आलं, मम यांनी २००१ मध्ये पद सोडलं आणि पुढच्या वर्षी एनसीएएनं शिष्यवृत्त्या कापल्या. विभाग स्वच्छ करायला आलेल्या माणसाच्या काळातच दुसऱ्या खेळात घाण साचत होती. बास्केटबॉलचा कोच बास्केटबॉलमध्ये काय चाललंय हे वासावरून ओळखतो. फुटबॉलच्या कार्यालयातला वास त्याला येईलच असं नाही.

न्यूटन यांना २००० मध्येच बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे ते १९९२ ते १९९६ अध्यक्ष होते, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा 'ड्रीम टीम' निवडणाऱ्या समितीतही होते. २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं.

बायकांची वाट कुठे हरवली?

इथपर्यंतची नावं बघितली तर एडी सगळे पुरुष आहेत. हे आपोआप झालेलं नाही.

१९७० च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकी कॉलेजांत मुलींचे खेळ वेगळे चालायचे. पैसा नगण्य, साधनं तुटपुंजी, पण कारभार बायकांच्या हातात. जून १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. खेळाचा त्यात उल्लेखही नव्हता, पण सर्वांत मोठा परिणाम खेळांवर झाला. मुलींच्या संघांची संख्या आणि खर्च झपाट्यानं वाढला. मग बहुतेक विद्यापीठांनी मुलांचा आणि मुलींचा असे दोन क्रीडा विभाग एकत्र केले. एकत्र केले म्हणजे काय, तर पुरुष डायरेक्टर वर राहिला आणि मुलींच्या विभागाची प्रमुख त्याची सहायक झाली.

व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोन प्राध्यापिकांनी अनेक दशकं याची आकडेवारी गोळा केली. १९७२ मध्ये मुलींच्या ९० टक्क्यांहून अधिक क्रीडा विभागांच्या प्रमुख बायका होत्या. २०१४ मध्ये हे प्रमाण २२.३ टक्के होतं. मुलींच्या संघांच्या कोचमध्येही तेच: ९० टक्क्यांहून अधिक होत्या, २०१४ पर्यंत ४३.४ टक्क्यांवर आल्या. पदाला पैसा आणि प्रतिष्ठा आली आणि पुरुष अर्जदार वाढले. मुलींना खेळायची संधी देणाऱ्या कायद्याच्या काळातच बायकांच्या हातून खेळांचा कारभार निसटला.

काही विद्यापीठांनी विभाग एकत्र केले नाहीत. टेक्सस त्यातलं एक. तिथे महिला बास्केटबॉलच्या कोच होत्या जोडी कॉनरॅट. १९७६ ते २००७ अशी ३१ वर्षं त्या एकाच ठिकाणी राहिल्या. १९८६ मध्ये त्यांचा संघ ३४ पैकी ३४ सामने जिंकून विजेता ठरला. एनसीएएच्या महिला स्पर्धेत एकही सामना न हरता विजेतेपद मिळवणारा तो पहिला संघ. १९९२ मध्ये महिला विभागाच्या डायरेक्टर डोना लोपियानो गेल्या आणि ते पद कॉनरॅट यांच्याकडे आलं. त्यांनी कोचिंग सोडलं नाही. पुरुषांमध्ये मोडीत निघत चाललेली दोन टोप्यांची पद्धत इथे नव्यानं सुरू झाली.

आल्या आल्या समोर खटला होता. अधिकृत संघ नसलेल्या खेळांतल्या विद्यार्थिनींनी टायटल नाइनखाली विद्यापीठाला कोर्टात खेचलं होतं. १९९३ मध्ये तडजोड झाली आणि त्यातून पुढच्या काही वर्षांत मुलींचे सॉकर, सॉफ्टबॉल आणि नौकानयनाचे संघ उभे राहिले. कोच म्हणून कॉनरॅट यांनी ९०० सामने जिंकले, ते सगळीकडे लिहिलेलं सापडतं. हे तीन संघ त्यांच्या नावावर कुठल्याच धावफलकावर लागत नाहीत. पण त्या संघांतून खेळलेल्या मुलींची संख्या मोजली तर त्यांची ही दुसरी नोकरीही लहान नव्हती.

किंमत त्यांच्या स्वतःच्या संघानं मोजली. नव्वदच्या दशकात टेक्ससचा महिला बास्केटबॉल संघ पूर्वीसारखा राहिला नाही. २००१ मध्ये कॉनरॅट यांनी डायरेक्टरपद सोडून दिलं आणि फक्त कोच राहिल्या. दोन वर्षांत, २००३ मध्ये, संघ पुन्हा शेवटच्या चारांत होता.

आजची वाट

एका कोचनं मात्र कारभारातून सगळ्या खेळाचाच नकाशा बदलला, त्यांचं नाव सांगून पुढे जाऊ. प्रॉव्हिडन्स कॉलेजचे डेव्ह गॅव्हिट हे कोच आणि एडी दोन्ही होते. १९७९ मध्ये त्यांनी ईशान्येकडच्या कॉलेजांना एकत्र आणून 'बिग ईस्ट' ही नवी लीग काढली आणि कोचिंग सोडून तिचे पहिले आयुक्त झाले. त्याच वर्षी ईएसपीएन वाहिनी सुरू झाली होती आणि तिला दाखवायला सामने हवे होते. १९८५ च्या शेवटच्या चार संघांत तीन बिग ईस्टचे होते. कॉलेज बास्केटबॉल म्हणजे टीव्हीचा माल हे समीकरण पक्कं करण्यात या माजी कोचचा मोठा हात आहे.

त्या टीव्हीच्या पैशानंच मग कोचची एडीच्या खुर्चीकडे जाणारी सरळ वाट मोडली. उलाढाल कोटींत गेल्यावर विद्यापीठांना निधी उभारणारे, करार वाचणारे, कायदा जाणणारे लोक हवे झाले. आज कोचला या पदापर्यंत जायचं असेल तर बहुधा कोचिंग तरुणपणीच सोडावं लागतं आणि खालच्या पायरीपासून पुन्हा चढावं लागतं. डेबी याऊ यांनी तेच केलं. केंटकी, ओरल रॉबर्ट्स आणि फ्लोरिडा या विद्यापीठांत त्या महिला संघाच्या कोच होत्या. नंतर त्या देणग्या गोळा करण्याच्या कामाकडे वळल्या, आणि त्या कामानंच त्यांना वर नेलं. १९९४ मध्ये मेरीलँड विद्यापीठात त्या एडी झाल्या, त्या बलाढ्य लीगमधल्या पहिल्या महिला. त्यांच्या काळात मेरीलँडच्या पुरुष संघानं २००२ मध्ये आणि महिला संघानं २००६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कार्ला विल्यम्स जॉर्जियाच्या संघातून खेळल्या, तिथेच सहायक कोच झाल्या, मग कोचिंग सोडून डॉक्टरेट केली आणि प्रशासनात वर्षानुवर्षं काम केलं. २०१७ मध्ये त्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एडी झाल्या. सर्वांत श्रीमंत पाच लीगमधल्या विद्यापीठांत या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

नामांकित मुख्य कोच आता क्वचितच या खुर्चीत बसतात. व्हिलानोव्हाला दोनदा विजेतेपद मिळवून दिलेले जे राइट यांनी २०२२ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, अचानक कोचिंग सोडलं. विद्यापीठानं त्यांना ठेवून घेतलं, पण अध्यक्षांचे विशेष सहायक म्हणून. देणगीदारांना भेटायचं, सल्ला द्यायचा. सह्यांचा अधिकार दुसऱ्याकडे.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून पैसे कमावता येऊ लागले. जून २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्यातल्या तडजोडीला कोर्टानं मान्यता दिली आणि १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता हे पैसे फुटबॉलला किती, पुरुषांच्या बास्केटबॉलला किती, महिला संघांना किती आणि पोहणाऱ्या-धावणाऱ्यांना काही उरतं का, याची वाटणी त्या त्या विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनं करायची आहे. ज्या कुरिअरच्या पाकिटातल्या १००० डॉलरपायी केंटकीवर बंदी आली होती, त्याच्या कित्येक पट रक्कम आज एखाद्या चांगल्या खेळाडूला करार करून, पावती घेऊन, उघडपणे मिळते.